पेन उचलायचं राहून गेलं

९ मे, शुक्रवार

मी जळगावात ज्याच्याकडे कामाला आहे, त्या नवीनच्या दुकानात एका पतपेढीसाठी डायऱ्या छापल्या होत्या. मुखपृष्ठावर अध्यक्षांचं आडनाव चुकलं, त्यांनी सगळा माल परत पाठवला, आणि तेव्हापासून तो गठ्ठा माझ्या खुर्चीखाली पडून आहे. पाय ठेवायला बरा पडतो. आज त्यातली एक घरी आणली. आतल्या तारखा गेल्या वर्षीच्या आहेत, त्या खोडून वर माझ्या लिहितो आहे.

लिहायचं कारण एवढंच की घरात बोलायला कोणी नाही. माझी बायको ज्योत्स्ना आमच्या किरणला घेऊन आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, माहेरी, सोनगीरला गेली आहे. आखाजी झाली, झोके सुटले, गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी आपापल्या घरी परतल्या असतील. ती अजून तिकडेच आहे. यात काळजीचं काही नाही. बसमध्ये बसवून देताना मीच म्हणालो होतो, "तुला यायचं तेव्हा ये. मी काही घाई करणार नाही." ती खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली. तिला बरं वाटलं असावं.

माझ्या आईला असं सुख नव्हतं. ती माहेरी गेली की बाबांचं पोस्टकार्ड तिच्या मागोमाग पोचायचं. "निघून ये," एवढंच. आई पुढ्यातला आमरस टाकून उठायची. मी शाळेत असतानाच ठरवलं होतं, आपण आपल्या बायकोला असे हुकूम सोडायचे नाहीत. ते मी आजवर पाळलं आहे.

११ मे, रविवार

लग्नसराई, म्हणून रविवारीही दुकान उघडं. मी फ्लेक्सची डिझाइनं करतो. आज एका भावी सरपंचाच्या वाढदिवसासाठी त्याचे बावन्न मित्र एका फ्लेक्सवर बसवले. सगळ्यांना पहिल्या रांगेत यायचं होतं.

दुपारी किरणचा फोन. ती दहा वर्षांची आहे आणि फोनवर श्वास न घेता बोलते. सोनगीरला सुट्टीतला कॉम्प्युटरचा वर्ग निघालाय, समाधानमामानं तिचं नाव घातलंय, आणि तिथे कासव शिकवतात.

"कासव?"

"अरे पप्पा, खरंखुरं नाही. पडद्यावरचं. त्याच्याजवळ पेन असतो. आपण सांगू तसं ते चालतं आणि मागे रेघ पडते."

खातं उघडायला ई-मेल लागतो, तिनं माझा देऊन टाकला. त्यामुळे समाधानच्या लॅपटॉपवर काढलेली चित्रं मला इथे दुकानात दिसतात. मी लगेच बघितलं. एक लाल चौकोन, आणि शेजारी आज्ञा लिहिलेल्या: फॉरवर्ड शंभर, राइट नव्वद. म्हणजे पुढे चाल, उजवीकडे वळ. असं चार वेळा. मी रोज माउसनं असे चौकोन ओढतो, कुणाला काही सांगावं लागत नाही. तरी त्या चौकोनाकडे बराच वेळ बघत बसलो. नवीन म्हणाला, "हितेंद्र, डोळ्यात काही गेलं का?"

१४ मे, बुधवार

किरणला उत्तर म्हणून त्रिकोण काढायला घेतला. त्रिकोणाचा कोपरा साठ अंशांचा, हे मला पाठ आहे. फॉरवर्ड शंभर, लेफ्ट साठ, तीन वेळा. निघालं घमेलं. तोंड उघडं ते उघडंच.

फोनवर किरण खो खो हसली. "पप्पा, कोपरा किती ते नाही सांगायचं. कासव किती वळणार ते सांगायचं. एकशेवीस."

"पण मला कोपरा दिसतो ना."

"तुला दिसतो. त्याला कुठं दिसतो? तू कासवाच्या जागी उभा राहून बघ. आणि त्याला सांगितल्याशिवाय ते हालत नाही. ते काय मनातलं ओळखतं का?"

मागून भांड्यांचा आवाज येत होता. ज्योत्स्ना तिथेच असणार. मी किरणला म्हणालो, "मम्मीला सांग, इकडे सगळं ठीक आहे, निवांत राहा." तिनं ओरडून सांगितलं. भांडी थांबली, मग पुन्हा वाजायला लागली.

१५ मे, गुरुवार

सकाळी गच्चीवर जाऊन त्रिकोण चाललो. खरंच, जवळजवळ उलट फिरावं लागतं. समोरच्या बेबाबाई पापड वाळत घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या, "वहिनी कधी येणार आहेत?"

२० मे, मंगळवार

किरणनं नवीन गोष्ट शिकवली. ओळीच्या सुरुवातीला जाळीसारखी खूण टाकली की ती ओळ कासव वाचतच नाही. ती माणसानं माणसासाठी लिहायची. तिनं लिहिलं होतं: "पप्पा, मी उद्या नाशिकला मावशीकडे चालले. तिथं लॅपटॉप नाहीये. पण तू काढत राहा."

पोरगी गेली म्हणजे चित्रंही गेली. आजचा दिवस लांबलचक वाटला. कूलरमध्ये पाणी भरलं, वरणाला फोडणी दिली, ती जळली. ज्योत्स्नाच्या उशीची खोळ मी अजून धुतलेली नाही. का नाही, ते इथे तरी लिहायला हरकत नसावी: त्या खोळीला तिच्या केसांचा वास आहे, आणि तो कमी कमी होत चालला आहे.

२३ मे, शुक्रवार

चित्रं थांबली नाहीत! मावशीकडे कुणाचा तरी कॉम्प्युटर मिळाला असणार. आज आली ती अख्खी गोधडी. चौकोनाला चौकोन लावलेले, एक जांभळा, एक पिवळा, सुबक, कुठे फट नाही. बारा दिवसांपूर्वी ही पोर एक लाल चौकोन काढत होती. बुद्धी आहे.

जांभळा हा ज्योत्स्नाचा रंग. आमचे पडदे जांभळे, उशा जांभळ्या. मी तिला नेहमी सांगतो, जांभळा फ्लेक्सवर मरतो. ती म्हणते, आपण फ्लेक्सवर राहतो का?

गोधडीत एकच चौकोन हिरवा होता. मी खाली लिहिलं, "एक चुकलाय." संध्याकाळी उत्तर आलं, "चुकलेला नाही. दृष्ट लागू नये म्हणून." ज्योत्स्नासुद्धा प्रत्येक गोधडीत एक तुकडा असाच मुद्दाम वेगळा लावते. आईचं बघून बघून पोरी किती शिकतात.

२७ मे, मंगळवार

चित्र: लिंबाच्या फांदीला बांधलेला झोका. दोर अगदी सरळ, पाट रिकामा. खाली ओळ: "तुळशीला पाणी कोण घालतं?"

दहा वर्षांच्या पोरीला तुळशीची काळजी. मी लिहिलं, "मी घालतो. मध्ये दोन दिवस विसरलो तर पानं गळाली. आता फुटवा आलाय."

"जेवण?"

"खिचडी. कधी डबा."

"घर कसं वाटतं?"

हा प्रश्न मोठ्या माणसानं विचारला असता तर मी "झकास" म्हणालो असतो. पोरीशी काय खोटं बोलायचं? मी लिहिलं, "मोठं झालंय. पहाटे तुझी आई उठायची तेव्हा बांगड्या वाजायच्या, त्यानं मला जाग यायची आणि मी पुन्हा झोपायचो. आता त्या वाजत नाहीत तरी जाग येते. मग झोप लागत नाही."

त्यावर उत्तर आलं नाही. लहान आहे, काय लिहिणार.

३० मे, शुक्रवार

ज्योत्स्नाचा फोन. सोनगीरच्या शेजारी एका शाळेत शिवणकामाच्या बाई पाहिजेत. त्यांनी तिला विचारलंय. किरणचं नावही तिथेच घालता येईल. शाळा सोळा जूनला उघडते, त्याच्या आधी इथल्या शाळेतून दाखला काढावा लागेल, समाधान येऊन घेऊन जाईल.

"काय करू?" तिनं विचारलं.

मी आवाज नीट ठेवला. "तुला बरं वाटेल तसं कर."

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझं काय? तुझ्या मनाप्रमाणे होऊ दे. मी अडवणार नाही."

तिकडे कुणीतरी म्हशीला हाकत होतं, तेवढं ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "बरं." फोन ठेवला.

बाबा असते तर गरजले असते, दाखला नाही, काही नाही, निघून ये. मी तसं केलं नाही. मला स्वतःचं कौतुक वाटायला हवं होतं. मी कूलरपुढे बसून राहिलो आणि रात्री जेवलो नाही. ती जायची असेल तर जाऊ दे, असं म्हणणारा मीच, आणि ती गेली तर मी काय करणार आहे, हे मला ठाऊक नाही.

३१ मे, शनिवार

आजचं चित्र बघून नवीन म्हणाला, "हे काय, कोरंच आहे." पांढरा पडदा, मधोमध कासव. एकही आज्ञा नाही. फक्त वर कासव न वाचणारी एक ओळ: "सांगितलं नाही म्हणून उभं आहे."

पोरगी चित्र अर्ध्यात सोडून खेळायला पळाली असेल.

१ जून, रविवार

नशिराबादला धुरपदाआत्याकडे गेलो. बाबांची थोरली बहीण. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. मी चपला काढायच्या आतच तिनं सुरू केलं.

"काहून रे, सून नही आली अजून?"

"येईल तिच्या मनानं."

"मनानं? लेक माहेराहून आपल्या मनानं निघत नसते बाप्पा. सासरचं मानूस आनाले जाते, तव्हा तिची ओटी भरता. येकटी निघाली त लोक इचारता, काय झालं म्हनून."

"आत्या, तो काळ गेला. ती स्कूटर चालवते, बँकेत जाते. तिला यायचं तर ती येईल."

"मंग स्कूटरनं येईन का ते सोनगीरहून?" आत्यानं चहाची बशी खाली ठेवली. "तुहा बाप दरसाल तठी कशाले जाये? सोनगीरचा किल्ला पाहाले?"

बाबा जायचे, हे खरं. आखाजी झाली की धुतलेलं धोतर नेसायचे, शेतातल्या केळीच्या फण्या पिशवीत भरायचे आणि पहिल्या बसनं निघायचे. संध्याकाळी ज्योत्स्ना आणि किरणला घेऊन परत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला व्याह्यांबरोबर गप्पा मारायची हौस आहे. मागच्या थंडीत बाबा वारले. यंदा सोनगीरला कुणी गेलं नाही, हे आत्या बोलेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पण माझं म्हणणं अजून तेच आहे. ज्योत्स्ना शिकलेली बाई आहे. तिला यायचं असतं तर तिनं तसं सांगितलं असतं.

परत येताना नशिराबादच्या फाट्यावर उभा होतो. धुळ्याची बस समोरून गेली. मी तिच्या पाटीकडे बघत राहिलो आणि माझी बस चुकली.

५ जून, गुरुवार

आज दोन घरं काढायची ठरवली. एक जळगावचं, एक सोनगीरचं. घर सोपं आहे: चौकोन, वर त्रिकोण, आत रंग. त्रिकोणाला आता मी एकशेवीसच सांगतो.

कासव सुरुवातीला उजवीकडे तोंड करून उभं असतं. आपल्या हिशेबानं पूर्वेला, भुसावळकडे. जळगावचं घर झकास झालं. मग सोनगीरला जायचं, म्हणजे पश्चिमेला. कासवाला उलटं फिरवलं, फॉरवर्ड तीनशे, आणि घराच्या त्याच सगळ्या आज्ञा पुन्हा दिल्या. सोनगीरचं घर निघालं डोक्यावर उभं! छप्पर खाली, ओटा वर. मी माझ्या बाजूनं विचार करत होतो, कासवाचं तोंड तिकडे होतं, त्यामुळे त्याचं डावं ते माझं उजवं झालं होतं.

आणि आणखी एक घोटाळा. जागा बदलताना आधी पेन उचलायचा असतो. पेनअप. मी विसरलो. जळगावच्या दारातून निघालेली रेघ थेट सोनगीरच्या घरापर्यंत गेली, आडवी, जाड, काळी. पुसायला घेतली तेवढ्यात एका मंगल कार्यालयाचा माणूस आला, त्याला वधूच्या नावापुढचं "चि. सौ. कां." मोठं करून हवं होतं. चित्र तसंच राहिलं.

६ जून, शुक्रवार

उत्तर आलं. सोनगीरचं घर उलटंच ठेवलंय. रेघेचा रंग तेवढा बदललाय. जांभळा.

खाली लिहिलंय, "घर उलटं असू दे. रेघ पुसायची नाही."

मी ते वाचलं आणि उठून दुकानाच्या मागे नळावर तोंड धुवायला गेलो. पोरीच्या एका ओळीनं माणसाचं असं व्हावं, हे मला समजत नाही.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. सकाळपासून बायका नटून वडाकडे चाललेल्या. बेबाबाईंनी आज काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

आजचं चित्र: तपकिरी खोड, वर हिरवे गोल एकात एक गुंतलेले, आणि खोडाभोवती दोरा. फेऱ्यावर फेरे, सगळे जांभळे. मोजून सात.

किरणला सणवार कळायला लागले म्हणायचे.

शाळेतून निरोप आला की दाखल्यासाठी विचारायला फोन आला होता, सही माझी लागेल. मी म्हणालो, येतो. गेलो नाही.

११ जून, बुधवार

हे नीट लिहायला हवं.

किरणचा फोन आला. "पप्पा, मी आत्ता आले नाशिकहून! तू काय काय काढलंस?"

मी म्हणालो, "मी काय काढणार, तूच तर काढते आहेस. कालचा वड छान होता."

"कोणता वड?"

"अगं, दोरा गुंडाळलेला. आणि ती गोधडी, तो झोका."

"पप्पा," ती म्हणाली, "मी नाशिकला होते. मावशीकडे कॉम्प्युटर नाहीये. मी तुला लिहून तर ठेवलं होतं." मग थोडं थांबून, हळू आवाजात, "मम्मीला मीच शिकवलं जायच्या आधी. ती दुपारी शिवणाचं मशीन बंद करून काढते. तू कुणालाही सांगू नकोस, मी सांगितलं म्हणून."

मी फोन ठेवला. दुकानातला कॉम्प्युटर उघडला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा वाचलं. तुळशीला पाणी कोण घालतं. घर कसं वाटतं. सांगितलं नाही म्हणून उभं आहे. ज्योत्स्नानं एवढं लिहिलं, आणि मी लिहीत होतो, पोरीला बुद्धी आहे. बुद्धी तिला आहे, प्रश्न माझ्या बुद्धीचा आहे.

बांगड्यांचं मी तिलाच लिहिलं होतं. तोंडावर एवढ्या वर्षांत कधी म्हणालो नव्हतो.

नवीनला सांगितलं, शनिवार-रविवार येणार नाही. तो म्हणाला, "लग्नसराई आहे." मी म्हणालो, "माझीपण."

१४ जून, शनिवार. सोनगीर

काल आत्याकडून केळीच्या फण्या घेतल्या. आत्यानं सगळ्यात चांगल्या फण्या वर ठेवल्या. सकाळी पहिली बस धरली, एरंडोल, पारोळा, धुळ्याला बदलली. पूर्ण रस्ता मी वाक्य जुळवत होतो. किल्ला दिसायला लागला तेव्हा सगळं विसरलो.

अभिमनआबा, माझे सासरे, लिंबाखाली खाटेवर बसले होते. "या जावाई, बसा," एवढं म्हणून त्यांनी बाजूला जागा केली. सासूबाई, सुंदरबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि तो पुढे करायच्या आधीच म्हणाल्या, "इतला दिन कसाले लागनात हो जावाई?"

मी म्हणालो, कामं होती.

ज्योत्स्ना आतल्या दारात होती. केस तेच, साडी जुनीच. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं, केळी दिसली, आणि ती आत गेली.

मग पाहुणचार. मांडे, आमरस, पुन्हा आमरस. कापसाचं काय, केळीला भाव काय, जळगावात ऊन किती. आबा बोलत होते, समाधान बोलत होता, मी बोलत होतो. जे बोलायला आलो होतो तेवढं सोडून सगळं. किरण माझ्या पाठीला टेकून बसली होती आणि मला बोटानं टोचत होती.

दुपारी माणसं आडवी झाली. ओसरीत शिवणाचं मशीन, त्याच्या शेजारी स्टुलावर लॅपटॉप. ज्योत्स्ना तिथे कापड घेऊन बसली होती. मी जाऊन स्टुलापुढे बसलो आणि लॅपटॉप उघडला. मनात होतं, आधी लिहून टाकावं, सोपं जाईल. तिनं हात पुढे करून झाकण मिटवलं.

"इथं नको. तोंडानं सांगा."

"तुला माहीत होतं ना, मी किरणला समजून लिहितोय?"

"माहीत होतं. म्हणून तर खरं लिहिलंत."

तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

"बाबा यायचे ना," ती म्हणाली, "तर ओट्यावर पाय ठेवायच्या आधी रस्त्यातूनच हाक मारायचे. 'चाल व माय घरी, घर खायाले उठते!' अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. आई हसायची, मी लाजायची. पण बरं वाटायचं हो. यंदा आखाजी झाली, गल्लीतल्या एकेकीला न्यायला माणसं आली. मी शिवण घेऊन या दारात बसायची. लोक विचारायचे, तुझं कोण येणार? मी म्हणायची, येतील. तुम्ही फोनवर म्हणालात, तुला बरं वाटेल तसं कर. मला काय बरं वाटेल, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मला वाटलं, बोलावणं म्हणजे हुकूम सोडल्यासारखं होईल. बाबा आईला सोडायचे तसा."

"तुम्ही मला कधी हुकूम सोडला नाही. कधी बोलावलंही नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "सोमवारी मी त्या शाळेत हो म्हणून येणार होते. मनातून नाही. कुणाला तरी मी पाहिजे होते, म्हणून."

बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"चल घरी," मी म्हणालो.

"का?"

"घर खायला उठतं. तू नसलीस की मला करमत नाही. मला तू घरी पाहिजेस."

ती कापडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा म्हणा."

"मला तू घरी पाहिजेस."

"पुन्हा."

दारामागून किरण ओरडली, "पप्पा, लूप टाक ना!" लूप म्हणजे एक आज्ञा कासवाकडून कितीही वेळा करून घ्यायची युक्ती. आणि मी खरंच म्हणत गेलो, मोठ्यानं, बाबांसारखा, खाटेवरचे आबा उठून बसेपर्यंत. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "आमले बी ऐकू उनं व माय! जाय आते!"

ज्योत्स्नानं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही."

उद्या ओटी भरून निघायचं आहे. तिनं एक अट घातली आहे: पुढच्या आखाजीला तिनं आठवण करून द्यायची नाही, मी आपणहून यायचं, आणि रस्त्यातूनच हाक मारायची.

१६ जून, सोमवार. जळगाव

शाळा उघडली. किरण आपल्या जुन्या शाळेत गेली. दाखल्यासाठी सही करायचा प्रश्न उरला नाही.

जायच्या आधी तिनं सोनगीरचं घर सरळ कसं करायचं ते मला दाखवलं. तिथे पोचल्यावर कासवाला पुन्हा पूर्वेकडे फिरवायचं, मग घर काढायचं. घर सरळ झालं. रेघ आहे तशी आहे.

आल्या आल्या ज्योत्स्नानं तुळशीला पाणी घातलं, माझ्या खिचडीचं पातेलं घासलं आणि उशीची ती खोळ धुवायला काढली. म्हणाली, "इतके दिवस धुतली का नाही?" मी नेहमीप्रमाणे म्हणणार होतो, राहून गेली. तोंड उघडलं होतं. मग थांबलो, आणि खरं कारण सांगितलं.

ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. आता डायरीला सांगायची गरज उरलेली नाही.